काथ्या, देवमासा आणि टायर

वैनगंगेकाठच्या ढिवरांच्या डोंग्याला फेंडर नव्हता आणि त्याची गरजही नव्हती. एकसंध खोड कोरून केलेला तो डोंगा; काठ चिखलाचा. शेवटचा रेटा दिला की टोक गाळात रुतायचे आणि माणूस गुडघाभर पाण्यात उतरून डोंगा वर ओढून घ्यायचा. चिखलावर आपटून लाकडाचे काय बिघडणार? नागपूरच्या पूर्वेला भंडारा-गोंदियापर्यंत मामा (माजी मालगुजारी) तलावांचा एवढा मोठा मुलूख, पण नावेच्या अंगाला गादी बांधावी असे तिथे कोणाला सुचले नाही, त्याचे कारण हेच.

फेंडर जन्मतो तो कठीण भिंतीशेजारी. घाट, जेटी, धक्का किंवा दुसरे जहाज, असे काहीतरी न लवणारे समोर आले की नावेच्या कुशीला उशी लागते. मुंबईत लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य यांनी, म्हणजे भाऊंनी, 1841 च्या सुमारास धक्का बांधला. त्याआधी किनाऱ्यावर उतरणाऱ्यांना पाण्या-चिखलातूनच यावे लागे. धक्क्यामुळे प्रवाशांचे पाय कोरडे राहिले. मार मात्र नावेच्या बाजूंना बसू लागला. म्हणून या वस्तूचे कूळ शोधताना बोटींपेक्षा बंदरांचा इतिहास जास्त चाळावा लागतो.

छापील पुराव्यात तिचा एक जुना उल्लेख कॅप्टन जॉन स्मिथचा आहे. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया वसाहतीमुळे नाव झालेला हाच तो स्मिथ. 1627 साली त्याने खलाशांसाठी नौकाशास्त्राचे एक पुस्तक लिहिले. त्यात जहाजाच्या बाजूंना खरचटू नये म्हणून जुन्या दोरखंडाचे तुकडे लोंबवतात, असे तो सांगतो. जुन्या दोरखंडाचे, हे महत्त्वाचे. शिडाच्या जहाजावर नवा दोर मोलाचा असे. झिजलेला दोर टाकून देण्याऐवजी त्याची गुंडाळी करायची, आत कधी बुचाचे तुकडे भरायचे, वरून विणीचे आवरण घालायचे. खलाशांनी या विणींत इतके कसब ओतले की क्लिफर्ड ॲशलीच्या 1944 मधल्या गाठींच्या जाडजूड ग्रंथात फेंडरच्या विणींना स्वतंत्र जागा मिळाली.

आपल्या किनाऱ्यावर याला सर्वात लायक माल काथ्याचा. खाऱ्या पाण्यात तो लवकर कुजत नाही, दाबला की परत उसळतो. अरबी समुद्रातली गलबते खिळ्यांऐवजी याच काथ्याच्या दोरीने शिवलेली असत. काथ्याचे फेंडर भारतात आजही बनतात. पण मोटारगाड्या आल्या, रबराचे ढीग साचू लागले आणि काथ्याची जागा जुन्या टायरने घेतली. भाऊच्या धक्क्यावर किंवा गेटवेला लाँच लागताना पाहा, तिच्या कडेला टायरांची माळ दिसेल. तिथे फेंडर म्हणायचीही गरज पडत नाही, टायर म्हटले की काम भागते.

या कुळातला सर्वात विचित्र पूर्वज मात्र अंटार्क्टिकाजवळचा. तिथे देवमाशांची शिकार करणारी महाकाय कारखाना-जहाजे महिनोन्महिने भर समुद्रात असत. तेल न्यायला, इंधन द्यायला दुसरे जहाज शेजारी लागे. उसळत्या पाण्यात दोन पोलादी भिंती एकमेकींवर आदळणार, आणि तिथे दोरखंडाची गुंडाळी म्हणजे किस झाड की पत्ती. मग मेलेला देवमासाच दोन जहाजांच्या मध्ये बांधून ठेवत. शिकार बुडू नये म्हणून तिच्यात हवा भरायची पद्धत होतीच, त्यामुळे उशी आयती तयार. जपानच्या योकोहामा रबर कंपनीने 1958 साली हवा भरलेला तरंगता रबरी फेंडर काढला, तो मुळात या देवमाशाच्या जागी वापरायला. पुढे तेलवाहू जहाजांनी तो उचलला. आज भर समुद्रात तेल एका टँकरमधून दुसऱ्यात घेताना मध्ये जे काळे अजस्र दंडगोल तरंगतात, ते त्याचेच वंशज. त्यांचे अंग झिजू नये म्हणून त्यांच्यावर साखळ्यांत ओवलेल्या जुन्या टायरांची जाळी चढवतात. म्हणजे नवे आले तरी टायर काही सुटला नाही.

छोट्या मोटरबोटीवर जो पांढरा किंवा निळा फुगीर फेंडर दिसतो त्याची शाखा वेगळी. नॉर्वेतल्या ओलेसुंड या मासेमारीच्या गावी 1955 साली पॉलिफॉर्म कंपनी निघाली आणि तिने पूर्ण प्लॅस्टिकचा, हवा भरायचा बोया तयार केला. तो कोळ्यांसाठी होता. जो जाळी तोलतो तो धक्काही सोसेल, हे बोटवाल्यांनी ओळखले. दोर, देवमासा, टायर, बोया, यांतले कोणीही फेंडर व्हायला जन्मले नव्हते. योकोहामाचा दंडगोल तेवढा त्या कामासाठीच घडलेला.

नागपुरात या घराण्याचा एक अगदी निराळा सदस्य लोकांनी पाहिला, तोही तलावावर नव्हे. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे ढगफुटीसारख्या पावसाने अंबाझरी तलाव भरून वाहू लागला आणि अंबाझरी लेआउटसारख्या वस्त्यांत पाणी शिरले. लष्कर आणि आपत्ती दलांच्या रबरी बोटी घराघरांपुढे फिरल्या. कुंपणाच्या भिंती, गेटचे लोखंडी पत्रे, बुडालेल्या मोटारी, जिकडे वळावे तिकडे कठीण कड. अशा जागी फेंडर कुठे लावणार? तिथे कडच फुगवलेली, म्हणजे बोटीची बाजूच फेंडर झालेली. या विचाराचे पुढचे रूप वेल्समधल्या अटलांटिक कॉलेजात 1960 च्या दशकात तयार झाले. नौदलातून निवृत्त झालेले डेसमंड होअर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी टणक तळाला हवेची कड जोडली आणि त्याचे पेटंट ब्रिटनच्या जीवरक्षक नौकांच्या संस्थेला एका पौंडात देऊन टाकले. नागरी संरक्षणाचे राष्ट्रीय महाविद्यालय नागपुरातच उभे राहिले आणि एनडीआरएफची अकादमीही इथेच आहे. समुद्रापासून इतक्या दूरच्या शहराला बोटीचे वावडे आहे असे कोणी समजू नये.

आता तलावांवरच्या मोटरबोटींकडे. इथे डोंग्याचा चिखल गेला, सिमेंटचा घाट किंवा प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांची तरंगती जेटी आली आणि लाकडाऐवजी फायबरचे अंग आले. फायबरवरचा चकचकीत थर आपटला की तडकतो, आणि टायर त्यावर काळे फराटे ओढतो. टायरमध्ये साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात ते वेगळेच. टायर लावायचाच तर तळाला भोके पाडून लावावा. फुगीर फेंडर घ्यायचा तर ढोबळ हिशेब असा: बोटीच्या दर पाच फूट लांबीमागे एक इंच व्यास. वीस फुटी बोटीला चार इंच पुरे, पण वर्दळीच्या घाटावर मी सहाचा घेईन. प्रत्येक बाजूला निदान तीन हवेत. त्यांतला एक बोट सर्वात रुंद असते तिथे.

हवा भरताना विदर्भातल्या माणसाने नॉर्वेच्या सूचना डोळे मिटून पाळू नयेत. असा फेंडर जेमतेम दोन पीएसआय दाबाला भरायचा असतो. मे महिन्यात सकाळी 25 अंशाला तो नीट भरला आणि दुपारी पारा 45 वर गेला, तर आतली हवा फुगून हा दाब जवळजवळ दीडपट होतो. गाडीच्या टायरमध्ये तीसच्या आसपास दाब असतो, तिथे एवढी वाढ जाणवतही नाही. इथे ती शिवण आणि व्हॉल्व्हवर येते. सकाळी अंगठ्याने दाबल्यावर थोडा खड्डा पडला पाहिजे, इतपत मऊ ठेवावा.

खरी गफलत बांधण्यात होते. बोटीच्या कडेचा स्टीलचा कठडा हाताशी असतो, म्हणून फेंडरची दोरी त्याच्या वरच्या नळीलाच मध्यावर बांधली जाते. तो कठडा माणसाने धरायला असतो. शेजारून दुसरी बोट गेली, लाटेने आपली बोट वर उचलली आणि फेंडर जेटीच्या कडेखाली अडकला, तर सगळा ओढा कठड्यावर येतो. दोन फूट उंच खांबाच्या डोक्यावर 20 किलोचा ओढा बसला आणि तळपट्टीतल्या बोल्टांमध्ये दोन इंचांचे अंतर असले, तर बोल्टवर 240 किलोचा ताण पडतो. खांब हलतो, बोल्टाची भोके रुंदावतात, पावसाचे पाणी डेकच्या आत शिरते. आतली प्लाय कुजेपर्यंत कळतही नाही. दोरीची खरी जागा डेकवरची क्लीट, म्हणजे दोन शिंगांचा खुंटा; ती नसेलच तर दोरी खांबाच्या अगदी तळाशी, दोन वेढे घेऊन बांधावी. वरच्या नळीवर ती सरकत राहते आणि ऐन वेळी फेंडर भलत्याच जागी जातो.

दोरीची लांबीही आपल्याकडे नेहमी तीच ठेवून चालत नाही. मुंबईत भरती-ओहोटी दिवसातून दोनदा पाणी हलवते, विदर्भातले जलाशय तेच काम दिवाळीपासून मेपर्यंत सावकाश करतात. तरंगत्या जेटीला फेंडर पाण्याच्या जरा वर लोंबला की झाले. पक्क्या घाटाला मात्र पाणी उतरत जाईल तसा तो वर घ्यावा लागतो, नाहीतर जानेवारीत घाटाची कड फेंडर चुकवून सरळ फायबरला भिडते.

म्हणून तलावासाठी नवी बोट मागवणाऱ्या ग्रामपंचायतींना, मच्छीमार संस्थांना आणि ठेकेदारांना एक सांगणे. मोटर किती अश्वशक्तीची हे विचारताना, दर बाजूला डेकवर दोन शिंगांच्या क्लीट किती बसवणार हेही विचारा आणि निदान तीन लिहून घ्या. कारखान्यात बोट घडवतानाच त्या खालून पट्टी देऊन बसवता येतात. नंतर डेकला भोके पाडून बसवल्या तर त्याच भोकांतून पाणी शिरते.