कोल्ह्याच्या बिळाच्या मापाचा कुत्रा

जॅक रसेल टेरियरची पारख करताना जाणकार परीक्षक एक गोष्ट हमखास करतात. ते कुत्र्याच्या मागे उभे राहतात, त्याचे पुढचे पाय जमिनीवरून जरासे उचलतात आणि कोपरांच्या मागून छातीला दोन्ही हातांचा वेढा घालतात. वर अंगठे पाठीच्या कण्यापाशी येतात आणि खाली बोटांची टोकं एकमेकांना भिडली पाहिजेत. भिडली तर छाती मापात. मग फासळ्या हलकेच दाबून पाहतात, कारण नुसती अरुंद छाती पुरत नाही. ती आवळली जाऊन पुन्हा फुलली पाहिजे. आंतरराष्ट्रीय मानकात या घेराचा आकडाच दिला आहे, 40 ते 43 सेंटिमीटर. हे माप आलं आहे इंग्लंडमधल्या कोल्ह्याच्या बिळावरून.

हा कुत्रा पाळणाऱ्यांच्या तक्रारी कुठेही गेलं तरी त्याच असतात. कुंड्या उकरतो. बेल वाजली की भुंकायचा थांबत नाही. मांजर दिसलं की मालकाची हाक त्याच्या कानात शिरत नाही. संध्याकाळी फिरवून आणला तरी रात्री दहाला चेंडू तोंडात धरून उभा. या सगळ्या तक्रारींचं मूळ त्या बिळात आहे. म्हणून जॅक रसेल घरात आणायचा विचार करणाऱ्याला मी आधी त्याचा इतिहास सांगते, खाण्यापिण्याचं नंतर.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या खेड्यापाड्यांत घोड्यावरून कोल्ह्याची शिकार हा जमीनदारांचा मोठा शौक होता. फॉक्सहाउंड जातीच्या मोठ्या कुत्र्यांचा कळप कोल्ह्याचा माग काढत धावायचा आणि मागून स्वार. कोल्हा जीव वाचवायला बिळात शिरला की सगळा लवाजमा बाहेर खोळंबायचा. तिथे टेरियरची गरज पडे. पण त्याने कोल्ह्याला आत मारून टाकलं तर पाठलागच संपला. त्याने आत जाऊन कोल्ह्याला इतकं सतावायचं की तो बाहेर पडून पुन्हा पळू लागेल. म्हणजे अंगावर जायचं, मागे सरायचं, पुन्हा जायचं आणि भुंकत राहायचं. भुंकण्याचं आणखी एक काम होतं. कुत्रा जमिनीखाली नेमका कुठे आहे हे वर फावडं घेऊन उभ्या असलेल्या माणसाला त्या आवाजावरूनच कळे. अंधारात, मातीने नाक भरलेलं असताना, समोर दात विचकणारं जनावर असताना जो गप्प बसला किंवा घाबरून परत आला, त्याची पिल्लं कोणी ठेवली नाहीत.

शिवाय बिळापर्यंत पोचायचं तर घोड्यांबरोबर मैलोन् मैल धावायला हवं, म्हणून पाय फार आखूड चालत नसत. आणि रंग पांढरा, कारण बिळातून मातीने माखून बाहेर येणारा तांबूस टेरियर आणि कोल्हा यांत गफलत झाली तर हाउंड आपल्याच कुत्र्याला फाडायचे. या कुत्र्याच्या अंगावरची प्रत्येक गोष्ट अशी कामाने ठरवलेली आहे. त्याची शेपूटसुद्धा. ती पिल्लूपणीच छाटून मूठभर ठेवत, बिळात अडकलेल्या कुत्र्याला धरून ओढता यावं म्हणून. इंग्लंडमध्ये 2007 पासून काम करणाऱ्या काही कुत्र्यांचा अपवाद सोडला तर शेपूट छाटायला बंदी आहे, आणि ती व्हायलाच हवी होती.

ज्या माणसाचं नाव या कुत्र्याला मिळालं तो जॉन ऊर्फ जॅक रसेल पाद्री होता. जन्म 1795, इंग्लंडच्या नैर्ऋत्येच्या डेव्हन परगण्यातल्या डार्टमथचा. धर्मशिक्षणापेक्षा शिकारीत त्याचा जीव जास्त. 1819 साली तो ऑक्सफर्डला एक्सेटर कॉलेजात शिकत होता. मे महिन्याच्या अखेरीस हातात होरेस या रोमन कवीचं पुस्तक घेऊन तो मार्स्टन गावाच्या दिशेने फिरायला निघाला असताना वाटेत त्याला एक गवळी भेटला आणि गवळ्याबरोबर एक टेरियर कुत्री. रसेलने तिथल्या तिथे ती विकत घेतली. नाव ट्रम्प. अंग पांढरं, दोन्ही डोळ्यांवर आणि कानांवर गडद तपकिरी ठिपका आणि शेपटीच्या बुडाशी तसाच एक, पेनीच्या नाण्याएवढा. केस दाट आणि राठ, पावसापाण्यात टिकणारे. हे वर्णन आपल्यापर्यंत आलं ते त्याचा मित्र डेव्हिस याने 1878 मध्ये लिहिलेल्या चरित्रातून. पुढे सातव्या एडवर्डने, तेव्हा तो युवराज होता, या ट्रम्पचं चित्र सँडरिंगहॅमच्या वाड्यात लावलं.

रसेल पुढे उत्तर डेव्हनमधल्या स्विमब्रिज गावी पाद्री झाला आणि जवळजवळ अर्धशतक तिथे राहिला. पाद्रीपण आणि शिकारी कुत्र्यांचा कळप ही जोडी त्याच्या बिशपला पसंत नव्हती. बिशपने बोलावून कुत्रे सोडायला सांगितले, रसेलने ते मान्य केलं आणि कुत्रे बायकोच्या नावावर केले, अशी आख्यायिका आजही सांगतात. खरं-खोटं असो, माणूस असा होता. 1873 मध्ये लंडनला केनेल क्लब स्थापन झाला तेव्हाच्या संस्थापक सभासदांत तो होता, पुढच्या वर्षी फॉक्स टेरियरचा परीक्षकही झाला. पण स्वतःचे कुत्रे त्याने प्रदर्शनात कधी उतरवले नाहीत. प्रदर्शनातला फॉक्स टेरियर त्याच्या डोळ्यांदेखत बदलत होता, छाती खोल, खांदे सरळ, डोकं लांबट, दिसायला रुबाबदार आणि बिळात शिरायला निरुपयोगी. रसेलला मातीत काम करणारा कुत्रा हवा होता.

आता या इतिहासाच्या मागोव्यातली अडचण. ट्रम्पपासून आजच्या जॅक रसेलपर्यंत वंशावळ सलग नाही. शिकारीच्या छंदापायी रसेल आयुष्यभर पैशाच्या ओढग्रस्तीत राहिला, एकापेक्षा अधिक वेळा त्याला सगळे कुत्रे विकून टाकावे लागले. 1883 मध्ये तो वारला तेव्हा त्याच्याकडे उरले होते चार म्हातारे टेरियर, पिल्लांना जन्म देण्याच्या वयापलीकडचे. तेव्हा ज्याला आपण मूळ घराणं म्हणू ते कागदावर त्याच दिवशी संपलं. पुढे आलं ते त्याचं नाव आणि त्याने आग्रहाने सांभाळलेलं काम.

हे काम पुढे नेलं आर्थर हाइनमन या माणसाने. 1894 मध्ये त्याने डेव्हन अँड सॉमरसेट बॅजर क्लब काढला. त्याला कोल्ह्यापेक्षा बॅजर उकरून काढण्यात रस होता. बॅजर हे अंगाने दणकट, बिळात राहणारं, कोल्ह्यापेक्षा कितीतरी चिवट जनावर. त्यासाठी टेरियरमध्ये बुल टेरियरचं रक्त मिसळलं गेलं. त्यातून जी जिद्द आली ती आजच्या कुत्र्यांतही भेटते. हा प्रकार निखालस क्रूर होता आणि ब्रिटनमध्ये 1973 च्या कायद्याने तो थांबवला. पण या जातीचं पहिलं लिखित मानक 1904 मध्ये तयार केलं ते याच हाइनमनने, हेही विसरता येत नाही.

तो 1930 मध्ये गेला, दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास क्लबही बंद पडला. युद्धानंतर शिकारीला माणसं आणि पैसा उरला नव्हता, कुत्रा शेतावर आणि घरात आला. उंदीर-घुशी मारायला तो चांगला होताच. या काळात त्यात कॉर्गी, डॅक्सहुंड, चिवावा असं बरंच मिसळलं आणि आखूड पायांचे, लांबट अंगाचे कुत्रेही जॅक रसेल म्हणूनच विकले जाऊ लागले. आज या एका नावाखाली जो गोंधळ दिसतो त्याचं मूळ इथे आहे. उंच पायांचा पार्सन रसेल ब्रिटनच्या केनेल क्लबने 1990 मध्ये मानला. ठेंगणा जॅक रसेल ऑस्ट्रेलियात आकाराला आला आणि त्याच्या मायदेशात त्याला मान्यता मिळाली ती थेट 2016 मध्ये. मधल्या काळात ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेत काम करणाऱ्या जॅक रसेलचे स्वतंत्र क्लब निघाले आणि त्यांचा मान्यतेला कडाडून विरोध होता. प्रदर्शनात गेला की कुत्रा नुसता दिसण्यापुरता उरतो, हीच त्यांची भीती. फॉक्स टेरियरचं काय झालं ते पाहता मला त्यांची बाजू पटते.

आपल्याकडे या घराण्याशी नातं सांगणारा एक कुत्रा फार आधी येऊन पोचला. एचएमव्हीच्या तबकड्यांवरचा, भोंग्यासमोर मान तिरकी करून बसलेला निपर. 1884 मध्ये ब्रिस्टलला जन्मलेला हा टेरियर. कोणी त्याला जॅक रसेल म्हणतं, कोणी फॉक्स टेरियरचं मिश्रण. पाहुण्यांच्या पोटऱ्यांना चावा घ्यायची त्याला खोड होती, नाव पडलं तेही त्यावरूनच. चित्रकार फ्रान्सिस बॅरोने त्याच्या मृत्यूनंतर ते चित्र काढलं आणि 1899 मध्ये ग्रामोफोन कंपनीने विकत घेतलं. नाट्यगीतं आणि भावगीतं ऐकत मोठ्या झालेल्या मराठी घरांनी तो कुत्रा हजारदा फिरताना पाहिला आहे. चित्रातला निपर शांत बसला आहे, आणि या जातीला तसं एकाग्र बसवायला खरोखरच काहीतरी ऐकायला किंवा हुंगायला द्यावं लागतं.

ते दिलं नाही तर काय होतं हे दोन प्रसिद्ध कुत्र्यांच्या आयुष्यात दिसतं. 'फ्रेझर' या अमेरिकन मालिकेतला एडी आठवत असेल. ते काम करणारा मूज फ्लोरिडात ज्या घरी होता तिथे त्याने उकरणं, कुरतडणं, भुंकणं आणि पळून जाणं यांनी माणसांना इतकं हैराण केलं की त्यांनी तो सोडून दिला. 2011 च्या 'द आर्टिस्ट'मधला अगी हासुद्धा आधीच्या दोन मालकांनी नको म्हटलेला, फार दांडगा म्हणून. दोघेही प्रशिक्षकाच्या हाती गेले, त्यांना रोज डोकं आणि अंग वापरायचं काम मिळालं आणि तेच कुत्रे कॅमेऱ्यासमोर तासन् तास इशाऱ्यावर चालू लागले. स्वभाव तोच होता. मात्र पडद्यावरचे कुत्रे पाहून ज्यांनी पिल्लं आणली त्यांना ती मेहनत दिसली नव्हती. म्हणूनच आश्रयगृहांत या जातीचे कुत्रे इतके येतात.

आमची जॅक रसेल चिंगी पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहते. सोसायटीच्या मागच्या भिंतीलगत घुशींनी बिळं केली आहेत आणि तिथून जाताना ती जे करते ते पाहण्यासारखं असतं. आधी चाल मंदावते, मग एक पुढचा पाय हवेतच थांबतो. नाक बिळाच्या तोंडाशी, श्वास भराभरा आणि आवाज येईल असा. मग शेपटीचं टोक तेवढं थरथरतं, पुढचे पंजे सुरू होतात आणि माती मागच्या पायांमधून उडते. तिच्या कित्येक पिढ्यांनी कोल्हा पाहिलेला नाही. त्या जागेवरून तिला ओढून नेणं मी सोडून दिलं. तिथे तिला थोडा वेळ हुंगू देते आणि बदल्यात दरवर्षी लेप्टोस्पायरोसिसची लस चुकू देत नाही, कारण घुशींच्या लघवीतून तो आजार कुत्र्याला होतो आणि कुत्र्यातून माणसाला. रेबीजची लस तर आहेच. पावसाळ्यात गोचीड रोज बोटांनी चाचपून काढावी लागते, कानांच्या आत आणि पंज्यांच्या फटींत.

उकरायला तिला बाल्कनीत वाळूचं टोपलं आहे. जेवणाचा निम्मा भाग वाटीत न देता त्या वाळूत किंवा जुन्या टॉवेलच्या घड्यांत लपवते. नुसतं पळवून हा कुत्रा थकत नाही, उलट त्याचा दम वाढतो. त्याला नाकाने थकवावं लागतं. हाकेला परत येण्याचा सराव पिल्लूपणीच सुरू करावा, तरी रस्त्यालगत दोरी सोडू नये. मांजरामागे निघालेला टेरियर गाडी पाहत नाही. उन्हाळ्यात आमचं फिरणं सूर्य वर यायच्या आत आटोपतं. हे कुत्रे तापलेल्या डांबरावरही चेंडूमागे धावत राहतात, थांबणं त्यांना सुचत नाही, ते आपल्याला सुचायला हवं. आणि ही जबाबदारी लांबची असते. ब्रिटनमधल्या कुत्र्यांच्या आयुर्मानाचा 2022 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की त्यात मोजलेल्या जातींमध्ये जॅक रसेल सर्वांत दीर्घायुषी, सरासरी 12.7 वर्षं. त्याच यादीत फ्रेंच बुलडॉग साडेचारच्या आसपास आहे. कामासाठी निवडलेला कुत्रा आणि चेहऱ्यासाठी निवडलेला कुत्रा यांतला फरक इतका आहे.

तरीही या जातीला एक जुनं दुखणं आहे आणि मागोव्याचा हरवलेला धागा तिथे सापडतो. डोळ्यातलं भिंग धरून ठेवणारे तंतू कमजोर होतात आणि साधारण तीन ते आठ वर्षांच्या वयात भिंग जागेवरून सरकतं. डोळ्यात दाब वाढतो, कुत्रा आंधळा होऊ शकतो. यामागचा जनुकीय बदल 2010 मध्ये सापडला तो जॅक रसेल, मिनिएचर बुल टेरियर आणि लँकशायर हीलर या तिघांत एकसारखा. पुढच्या तपासात आणखी कितीतरी टेरियर जातींत तोच निघाला. म्हणजे हा दोष या जाती वेगळ्या व्हायच्या आधीच्या एखाद्या पूर्वजाकडून आलेला असणार. पाद्र्याच्या वहीत जे नातं टिकलं नाही ते रक्तात टिकलं. दोन्ही पालकांकडून हा दोष आला तर धोका मोठा, एकाकडूनच आला तर फारच कमी. म्हणून पिल्लू घेताना आईबापांची डीएनए चाचणी झाली आहे का हे विचारावं आणि अहवाल दाखवत नसेल त्याच्याकडून पिल्लू घेऊ नये. घरात कुत्रा आहेच, तर एक डोळा लाल होणं, सारखं पाणी गळणं, डोळा मिचकावत राहणं किंवा बुबुळ धुरकट दिसणं यांतलं काही दिसलं की सकाळची वाट न पाहता त्याच दिवशी पशुवैद्याकडे जावं. दाब वाढू लागला की डोळा वाचवायला फार वेळ मिळत नाही.