तळटीप : पडल्या माणसाची शुश्रूषा

१७. डिलाईल रोडवरच्या (आजचा ना. म. जोशी मार्ग) गावकीच्या खोल्यांत अंथरुणाला खिळलेल्या गिरणी कामगाराला गाववाले पाळीपाळीने सांभाळत, त्याचा हा उल्लेख. अशी सेवा कागदावर उतरत नाही. हाडांवर मात्र कधी कधी उतरते. व्हिएतनाममधल्या मान बाक येथे सुमारे ४००० वर्षांपूर्वीच्या एका तरुणाचा सांगाडा मिळाला. मानेचे मणके एकमेकांना जुळलेले, हातापायांची हाडे काडीसारखी बारीक. लुळा पडल्यावरही तो निदान दहा वर्षे जगला, म्हणजे भरवणे, धुणेपुसणे, कूस वळवणे कुणीतरी रोज केले असणारच. लॉर्ना टिली यांनी २०११ मध्ये हा विचार पद्धतशीर मांडला. आपल्याकडे इतका उघड पुरावा क्वचितच. उदयपूरजवळच्या बालाथळ येथे डेक्कन कॉलेजच्या उत्खननात सापडलेल्या, साधारण तितक्याच जुन्या पुरुषाच्या कवटीवर कुष्ठरोगाच्या खुणा आहेत (२००९ मध्ये प्रसिद्ध). त्याला दगडी कोटात, शेणाच्या राखेत पुरले होते. रोग हळूहळू वाढणारा, तेव्हा तो बराच काळ जगला हे खरे. पण गावाने त्याला जपले की नुसते सहन केले, ते सांगाडा सांगत नाही. अभ्यासकांनी येथे जपून बोलावे असे आम्हाला वाटते. लेखकाच्या खोलीत मात्र भांडणेही होत, आणि पेजही वेळेवर मिळे.—संपा.