दोन पोवाडे : दोन निवेदनपद्धती

ॲक्वर्थ व शाळिग्राम यांचा पोवाड्यांचा संग्रह १८९१ साली प्रसिद्ध झाला. पोवाडा हे इतिहासाचे साधन मानावे काय, या प्रश्नाची दोन भिन्न उत्तरे त्यातील दोन रचना देतात. अज्ञानदासाचा अफजलखानवध वकिलांची ये-जा, भेटीची बोलणी यांतून पुढे सरकतो. प्रसंग १६५९ चा, व शाहीर त्यास निकटचा. तुळशीदासाचा सिंहगड मात्र रायबाच्या लग्नाशी जोडलेला असून तेथे घोरपड कडा चढते. सभासदाच्या बखरीत ही घोरपड आढळत नाही. एवढ्यावरून तुळशीदास त्याज्य ठरत नाही. अज्ञानदासाकडे घटनेचा पुरावा शोधावा. तुळशीदासाकडे, १६७० चा पराक्रम लोकमानसाने कोणत्या रूपात जपला, त्याचा.