योहान, जुवांव आणि संजाण

शाळेच्या जनरल रजिस्टरात मुलाचे नाव एकदा लिहिले गेले, की ते जन्मभर त्याच्या पाठीस लागते. ही गोष्ट आम्हांस खऱ्या अर्थाने उमगली ती आमच्याच एका चुकीमुळे. पुष्कळ वर्षांपूर्वी येथील डोकमर्डी भागात राहणाऱ्या, मूळच्या गोमंतकीय अशा एका कुटुंबातील आजी नातवाचे नाव घालण्यास आल्या. त्यांनी नाव ‘जुवांव’ असे सांगितले. हा ‘जॉन’चा बोलीतील अपभ्रंश असावा अशा समजुतीने आम्ही रजिस्टरात ‘जॉन’ लिहिले. “मास्तर, त्याच्या आजोबांचं नाव जुवांवच होतं हो,” एवढेच त्या म्हणाल्या. पुढे वडिलार्जित घराच्या वाटणीच्या वेळी बाप्तिस्म्याचा दाखला व शाळेचा दाखला यांतील नावे जुळेनात, आणि दोन्ही नावांची व्यक्ती आपणच आहोत असे प्रतिज्ञापत्र त्या तरुणास करावे लागले. आम्ही जे ‘शुद्ध’ केले ते मुळात अशुद्ध होते काय, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या मनात घर करून राहिला.

या नावाचे मूळ हिब्रू रूप ‘योहानान’ होय. ‘यहोवा कृपावंत आहे’ असा त्याचा अर्थ. बाप्तिस्मा करणारा योहान आणि प्रेषित योहान या दोघांमुळे ते ख्रिस्ती जगात सर्वत्र पसरले. ग्रीक लिपीत शब्दमध्यातील ह-कारास अक्षर नसल्यामुळे तेथे ‘योआन्नेस’ झाले. लॅटिनमध्ये ‘योहान्नेस’ असे लिहिले जाऊ लागले. जर्मनांनी आरंभीचा य-कार राखून ‘योहान’ म्हटले, रशियनांनी ‘इव्हान’, इटालियनांनी ‘जोव्हान्नी’, आयरिश लोकांनी ‘शॉन’. अरबी कुराणात बाप्तिस्मा करणारा योहान ‘याह्या’ या नावाने येतो. फ्रेंच व पोर्तुगीज भाषांत मात्र य-काराच्या जागी ज-झ यांच्या जवळचा ध्वनी आला. हा फेर आपणांस परका वाटू नये. ‘यात्रे’ची ‘जत्रा’ आणि ‘योग्या’चा ‘जोगी’ आपल्याही तोंडी झालाच आहे. पोर्तुगीजांत शब्दाच्या शेवटी न-काराचे केवळ अनुनासिक उरले, आणि तेच गोमंतकात ‘जुवांव’मधील अनुस्वाराच्या रूपाने टिकले. २४ जूनच्या ‘सांजांव’ या सणाच्या नावातही तोच योहान आहे.

म्हणजे जुवांव हा जॉनचा अपभ्रंश नव्हे. जॉन इंग्रजीत आला तो फ्रेंचच्या वाटेने, व जुवांव आला पोर्तुगीजच्या वाटेने. दोघेही एकाच लॅटिन घराण्यातील भाऊ आहेत. मूळ रूपाशी जवळीक हीच कसोटी लावायची, तर मराठी बायबलातील ‘योहान’ हा जॉनपेक्षा अधिक जवळचा ठरतो. आमची लेखणी इंग्रजी शाळांच्या सवयीने चालली होती, शास्त्राने नव्हे.

कानास सारखे वाटते म्हणून एकाचे दुसरे करून टाकण्याची ही खोड किती जुनी आहे, याचे उदाहरण आमच्या पश्चिमेसच सापडते. समुद्रालगतचे संजाण हे गाव इंग्रज खलाशांच्या तोंडी ‘सेंट जॉन’ झाले, आणि त्यांच्या नकाशांत दीर्घकाळ तसेच छापले गेले. ‘सांजांव’ ऐकलेल्या कानास ते पटावेही. परंतु या गावाचा योहानाशी काडीचाही संबंध नाही. डहाणू तालुक्यातील चिंचणी येथे सापडलेल्या, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातील शके ८४८, म्हणजे इ. स. ९२६ च्या ताम्रपटात ‘संयान’ हे नाव स्पष्ट येते. पोर्तुगीजांची जहाजे कालिकतला लागली ती १४९८ साली. अरब भूगोलकारांचे ‘सिंदान’ तेही हेच.

त्याच ताम्रपटात आणखी एक गंमत आहे. संयानचा कारभार पाहणाऱ्या अरब अधिकाऱ्याचे नाव तेथे ‘मधुमति’ असे येते. मूळ नाव ‘मुहम्मद’ असल्याचे अभ्यासक मानतात. परके नाव आपल्या ओळखीच्या शब्दात बसविण्याचा मोह खलाशांना झाला तसा संस्कृतज्ञ लेखकासही झाला. त्या पंक्तीत आम्हीही बसलो.

नगर हवेलीवर १७८३ पासून १९५४ पर्यंत पोर्तुगीज अंमल होता. त्यामुळे सिल्वासाच्या शाळांत पोर्तुगीज वळणाची नावे अधूनमधून येतात. जन्मदाखल्यावर ती रोमन अक्षरांत असतात. ती देवनागरीत कशी उतरवावयाची हे शिक्षकाच्या हाती राहते. आता असा दाखला समोर आला म्हणजे आम्ही पालकांस प्रथम विचारतो, “घरी काय म्हणता?” आणि तोच उच्चार अनुस्वारासह रजिस्टरात लिहितो. आमच्या शिक्षकबंधूंनीही एवढे करावे, अशी आमची विनंती आहे.