स्तनपान साहाय्य (सातारा व सांगली जिल्हे)

आईला बाळ पाजता यावे म्हणून डॉक्टर, परिचारिका व आशा (गावपातळीवरील आरोग्य कार्यकर्त्या) यांनी दिलेली मदत. नुसत्या उपदेशाने भागत नाही. पहिल्या तासात बाळ आईच्या अंगावर देऊन चीक पाजावा. सिझेरियननंतरही हे जमते. बाळाच्या तोंडात बोंडीसह भोवतालचा काळा भाग जातो का, हे जवळ बसून पाहावे लागते. ‘दूध पुरत नाही’ ही तक्रार उडवून लावू नये. मात्र पहिल्या आठवड्यानंतर बाळाला दिवसातून सहा-सात वेळा लघवी होत असेल व वजन वाढत असेल, तर वरचे दूध लागत नाही. डब्याच्या दुधाच्या जाहिरातीला १९९२च्या कायद्याने बंदी आहे. ऊसतोडीला आलेली आई सहा महिने निव्वळ अंगावर कसे पाजणार, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच ३ऱ्या ते ४२व्या दिवसांमधल्या आशांच्या गृहभेटी तिच्या कोपीपर्यंत (झोपडीपर्यंत) पोचल्या पाहिजेत आणि टोळीच्या मुकादमाने उसाच्या फडात पाजायला सवड दिली पाहिजे.