नमस्कार कोणी म्हणायचा?

९ ऑगस्ट १७७९ रोजी ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सरकारने एक हुकूम काढला. तो जकातीचा नव्हता, दारूगोळ्याचाही नव्हता. सोनारांनी अभिवादन करताना 'नमस्कार' हा शब्द वापरू नये, असा तो होता.

झालं असं होतं की सोनार मंडळी स्वतःला दैवज्ञ ब्राह्मण म्हणवू लागली होती. ब्राह्मणांसारखं धोतर नेसायची, भेटल्यावर 'नमस्कार' म्हणायची. पुण्याला हे सहन होईना. पेशव्यांच्या राज्यात त्यांना गप्प करता येत होतं, पण मुंबईचे सोनार कंपनीच्या हद्दीत होते. म्हणून दरबाराने कंपनीला सांगितलं आणि कंपनीने ऐकलं. गंमत पाहा, त्याच वर्षी जानेवारीत वडगावला मराठ्यांनी कंपनीच्या फौजेची दाणादाण उडवली होती. दोघांचं युद्ध अजून चालूच होतं. तोफा एकमेकांवर रोखलेल्या असताना 'नमस्कार' कोणी म्हणायचा नाही, यावर मात्र दोन्ही सरकारांचं एकमत झालं. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढे आपल्या लेखनात या हुकमाचा दाखला दिला आहे.

आज आपण कुणालाही हात जोडल्याचा इमोजी पाठवतो, त्यामुळे एका शब्दासाठी सरकारी हुकूम म्हणजे अतीच वाटतं. पण सोनारांना नेमकं काय हवं होतं? चार अक्षरांचा शब्द तर त्यांच्या तोंडात होताच. त्यांना तो समोरच्याकडून परत यायला हवा होता. मी 'नमस्कार' म्हणालो आणि तुम्हीही 'नमस्कार' म्हणालात, तर आपण एका पायरीवर आलो. हुकूम त्या पायरीवर होता.

पायरी अगदी तळाची असेल तर काय होतं, हे 'जोहार' या शब्दात दिसतं. महारांनी वरच्या जातीच्या माणसाला 'जोहार मायबाप' म्हणायचं, ही रीत शतकानुशतकं चालली. चोखामेळ्याच्या नावावर जोहाराचे अभंग आहेत आणि सोळाव्या शतकात एकनाथांनी महाराच्या तोंडी घातलेली जोहाराची भारुडंही आहेत. म्हणजे पैठणच्या ब्राह्मणालाही हा शब्द कुणाच्या तोंडचा, हे पक्कं ठाऊक होतं. जोहाराला उत्तर जोहार नसे. समोरून हुंकार यायचा, काम सांगितलं जायचं, किंवा काहीच यायचं नाही. बायकांचे नियम वेगळे आणि जास्त जाचक. वाटेत वरच्या जातीचा पुरुष दिसला की बाजूला होऊन वाकायचं. नव्या सुनेला हे माहीत नसेल तर बोलणी सासऱ्याला खावी लागत. बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं' (१९८६) वाचलंत तर हे सगळं तिथे सापडेल, आणि तेही बाईच्या बाजूने.

म्हणून 'जय भीम'कडे मी आधी व्याकरण म्हणून बघतो. या अभिवादनाचं श्रेय कामठीच्या बाबू हरदास यांना दिलं जातं. ते १९३९ साली वारले, अवघ्या पस्तिशीच्या आसपास. 'जय भीम'चं उत्तर 'जय भीम' हेच असतं. म्हातारा म्हणो, पोरगी म्हणो, मंत्री म्हणो, परत तेच दोन शब्द येतात. जोहारात जे नव्हतं, ते इथे पहिल्याच दिवसापासून आहे.

रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १९६० साली युरोपातल्या 'तू' आणि 'तुम्ही'वर एक निबंध लिहिला. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा: दोघं एकमेकांना एकच सर्वनाम वापरत असतील तर ती जवळीक, नाहीतर समान अंतर. एकाने 'तू' म्हणायचं आणि दुसऱ्याने 'तुम्ही', तर ती सत्ता. मराठीत याहून गुंतागुंत आहे, कारण आपल्याकडे वर 'आपण' बसलेलं आहे. (तेच 'आपण' मुंबईच्या नाक्यावर आलं की त्याचा अर्थ 'मी' होतो, आणि तोही कॉलर वर करून. एका शब्दाने एवढं फिरावं!)

पण मराठीतली खरी करामत सर्वनाम वापरण्यात नाही, ते टाळण्यात आहे. ती बायकांनी केली. करावी लागली, म्हणू.

पांढरपेशा घरात बायको नवऱ्याचं नाव घेत नसे हे आपल्याला माहीत असतं. पण 'तुम्ही'देखील जड व्हायचं. मग वाक्यं अशी बनायची: "आज इकडून लवकर येणं होईल का?" जरा नीट बघा. या वाक्यात नवरा नाहीच. 'येणं' हा कर्ता आहे, नपुंसकलिंगी, एकवचनी, निरुपद्रवी. माणसाच्या जागी दिशा आली. इकडून सांगणं झालं, इकडची मर्जी, तिकडे विचारायला हवं. नवरा ही व्यक्ती न राहता हवामान झाला. शेतकरी घरांत आडपडदा कमी होता. तिथे सरळ 'धनी', 'मालक', 'कारभारी', नाहीतर 'गोप्याचा बा'. पांढरपेशांनी जे वाक्यरचनेत लपवलं, ते इथे शब्दातच उघड होतं: मालक म्हणजे मालक. दोन्हींकडे नाव मात्र निषिद्ध. ते घ्यायचंच तर उखाण्यात, यमकात बसवून, चारचौघांच्या आग्रहाने.

उलट बाजूला काय होतं? नवरा 'तू' म्हणायचा, वडीलधाऱ्यांसमोर तोही नाव टाळायचा, हे खरं. पण ते नाव बहुधा त्याच्याच घरात ठेवलेलं असायचं. देवराष्ट्र्याची यमुना १८७३ साली अकराव्या वर्षी न्यायमूर्ती रानड्यांशी लग्न करून रमाबाई झाली. आठवणींत रमाबाईंनी एक प्रसंग सांगितला आहे. लग्नाच्या दिवशीच रानड्यांनी त्या लहान मुलीला विचारलं, मी कोण, माझं नाव काय, ठाऊक आहे का? तिने ऐकलेलं नाव सांगून टाकलं. बत्तिशीच्या नवऱ्याला अकरा वर्षांच्या बायकोच्या तोंडून स्वतःचं नाव ऐकायचं होतं, ही त्या काळातली साधी गोष्ट नव्हे.

पण पुढे? 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक १९१० साली आलं. रानडे जाऊन नऊ वर्षं झाली होती. रमाबाई आता पुण्याच्या सेवासदनाच्या कामात होत्या, सभांतून बोलत होत्या. तरीही पुस्तकात नवऱ्यासाठी त्यांनी शब्द योजला तो 'स्वतः'. 'स्वतःनी असं म्हटलं', या थाटात. मला हा शब्द कितीतरी दिवस सोडत नव्हता. 'स्वतः' म्हणजे खरं तर 'मी'च्या शेजारचा शब्द. तो त्यांनी नवऱ्याला देऊन टाकला. मग त्यांच्याकडे स्वतःसाठी काय उरलं?

आता दुसरं पुस्तक घ्या. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे', १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेली. जात तीच, पिढी जवळजवळ तीच, लग्न अकराव्या वर्षीच, आणि माहेरची मनकर्णिका सासरी लक्ष्मी झालेली. पण या पुस्तकात नवरा आहे 'टिळक'. टिळक संतापले, टिळक निघून गेले, टिळकांनी भलतंच केलं. नाव नाही, 'इकडून'ही नाही, सरळ आडनाव, जसं एखाद्या मित्राबद्दल सांगावं. नवऱ्याने धर्म बदलल्यावर ही बाई काही वर्षं वेगळी राहिली होती, मग स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाली. या माणसाशी भांडता येतं, हे तिला माहीत होतं. त्याला वाक्याचा कर्ता केल्याशिवाय त्याच्या चुका सांगता येत नाहीत. 'इकडून संतापणं झालं' असं लिहून पाहा, विनोद होईल.

मधल्या काळात 'अहो' आलं आणि स्थिरावलं. माझ्या आजीला तेही सार्वजनिक ठिकाणी जमत नसे. रेशनच्या दुकानात कार्डावरचं नाव विचारलं की ती मला पुढे करायची. आईचं 'अहो' अजून चालू आहे. माझ्या वयाच्या बहुतेक जोडप्यांत 'अरे' आणि 'अगं' समोरासमोर आले आहेत, निदान सासूबाई खोलीत नसताना.

इथे माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. एका ॲपचे मराठी मेसेज तपासायचं काम माझ्याकडे आलं होतं. इंग्रजीत 'यू' आहे, प्रश्न मिटला. मराठीत 'तू' म्हटलं तर ग्राहक चिडणार, 'आपण' म्हटलं तर बँकेची नोटीस वाटणार. 'तुम्ही'वर तडजोड झाली, तर पुढचा खड्डा: तुम्ही लॉगआउट 'झाला आहात' की 'झाल्या आहात'? शेवटी आम्ही माणूसच काढून टाकला आणि लिहिलं, 'लॉगआउट झालं'. सगळे खूश. 'इकडून येणं झालं'मागची हीच युक्ती आहे, हे माझ्या लक्षात आलं ते बऱ्याच नंतर.

वयाचं गणितही सरळ नाही. वयाने मोठ्याला 'तुम्ही' हा नियम आपण शाळेत शिकतो, पण घरातली सून तो मोडायची. तिच्याहून पाच वर्षांनी लहान नणंदेला ती 'अहो वन्सं' म्हणायची, कोवळ्या दिराला 'भाऊजी'. नातं वयाला मागे सारायचं. उलट आई वयाने मोठी असूनही 'तू', आणि वडील 'तुम्ही'. आईला 'तू' म्हणण्यात माया आहे, मान्य. पण त्या घरात उलट बोलायची सोय फक्त तिच्याशीच होती, हेही त्याच 'तू'त आहे.

पत्रांचे मायने गेले, व्हॉट्सॲपने ते दोन-तीन वर्षांत संपवले असं वाटतं. पण लग्नपत्रिका काढून बघा. नवरा 'चि.', नवरी 'चि. सौ. कां.'. त्याला नुसतं आयुष्य, तिला आयुष्य अधिक नवरा. नवरा गेला की 'ग. भा.', गंगाभागीरथी. एप्रिल २०२३मध्ये विधवांसाठी हाच शब्द सरकारी वापरात आणावा, असा प्रस्ताव राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांकडून पुढे आला. टीकेची झोड उठली, आणि निर्णय झालेला नाही असं सांगावं लागलं. विरोध करणाऱ्या बायकांचा प्रश्न साधा होता: विधुराला काय म्हणणार आहात?

आमच्या ऑफिसात सगळे पहिल्या नावाचे. पन्नाशीचा डायरेक्टर 'सर' म्हटलं की वैतागतो. जेवणाच्या टेबलावर मराठी सुरू झाली की मात्र त्याला 'तू' म्हणू की 'तुम्ही', यावर लोक अडखळतात आणि मग इंग्रजीत शिरतात. त्याच मजल्यावर साफसफाई करणाऱ्या मावशी आहेत, आईच्या वयाच्या. नातं आम्ही त्यांना लगेच देऊन टाकलं. त्यांना कुणी 'मावशी, टेबल पुसून घे' म्हणतं, कुणी 'घ्या'. त्या सगळ्यांना 'सर' आणि 'मॅडम' म्हणतात, कालच रुजू झालेल्या बावीस वर्षांच्या ट्रेनीलासुद्धा. त्याला ते अवघड झालं. तो म्हणाला, "मावशी, मला नावाने हाक मारा ना." मावशी हसल्या, बरं म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या त्याला नावाने हाक मारतात, आणि पुढे 'सर' लावतात.