दोन अंकी सालाची दुरुस्ती

बंगळुरूच्या संगणक-व्यवसायाचा इतिहास सांगताना वाय-टू-केचं, म्हणजे सन 2000 येण्याआधी जुने प्रोग्राम दुरुस्त करण्याचं, काम दोन ओळींत उरकलं जातं. स्वस्तातली हमाली, असा त्यावर शिक्का बसला आहे. मला तो अन्यायाचा वाटतो. पुण्यात जन्मलेली इन्फोसिस 1983 मध्ये इथे आली, 1985 मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स आली. पण परदेशी बँका आणि विमा कंपन्यांच्या जुन्या कोबॉल प्रोग्रामांवर इथले तरुण मोठ्या संख्येने बसले ते नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात. दुखणं साठवणुकीचं होतं. पंचकार्डावर जेमतेम 80 रकाने, म्हणून साल दोन अंकांत लिहायची सवय पडली, आणि 99 नंतर येणारं 00 त्याच्याहून लहान ठरलं. ही सीमेवरची चूक उघड होती. खरी मेहनत 00 चा अर्थ लावण्यात होती: एका फाइलीत ते 1900, दुसरीत ‘नोंदच नाही’, कुठे 99 म्हणजे ‘मुदत संपत नाही’. त्यात कोबॉलमध्ये सुरुवातीचं मूल्य न दिलेल्या जागेत काय असेल याची हमी नसते, त्यामुळे तिथला कचराही तारीख म्हणून फाइलीत उतरू शकतो. शिवाय 1900 हे लीप वर्ष नव्हतं, 2000 होतं. 00 ला 1900 समजणारा प्रोग्राम 29 फेब्रुवारीलाही चुकणार होता.

मग 1 जानेवारी 2000 ला काही बिघडलं का नाही, असं विचारतात. बिघडलं. इंग्लंडमध्ये शेफील्डला याच दोषामुळे गर्भवतींची वयं चुकीची मोजली गेली आणि 154 जणींना डाऊन सिंड्रोमच्या तपासणीचे चुकीचे निष्कर्ष कळवले गेले. जिथे दुरुस्ती झाली तिथली शांतता हा त्या दुरुस्तीचाच पुरावा आहे. दुसरा आक्षेप वजनदार आहे: अनेक ठिकाणी साल चार अंकी न करता, ठरावीक आकड्याच्या आतलं साल 20 ने सुरू होतं असं मानून वेळ मारून नेली. ते खरं आहे. पण रकाना रुंद केला की नोंदीतला पुढचा प्रत्येक रकाना सरकतो, आणि ती फाइल वाचणारे सगळे प्रोग्राम एकाच वेळी बदलावे लागतात. तेवढी सवड नव्हती.

आता सवड आहे. 1970 पासूनचे सेकंद 32 बिटांत मोजणारी घड्याळं 19 जानेवारी 2038 ला, भारतीय वेळेनुसार सकाळी 8:44:07 नंतर उलटतील. वीस वर्षांच्या कर्जाचे हप्ते आजच त्या तारखेपलीकडे जातात. ज्यांच्या हाती अशा फाइली आहेत त्यांनी त्या आत्ताच तपासाव्यात.